झुरिकच्या घंटा आणि पुराणातली वांगी

१८३९ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ५ तारखेस, संध्याकाळ सरता सरता, स्वित्झर्लंडातील झुरिक प्रांताच्या फेफिकोन नावाच्या गावी चर्चच्या घंटा अवेळी घणघणू लागल्या. आग लागली किंवा शत्रू चालून आला म्हणजे ज्या घंटा बडवावयाच्या, त्या त्या दिवशी गावच्या पाद्र्यानेच वाजवावयास लावल्या होत्या. तो नाद ऐकून आसपासच्या डोंगराळ मुलखातले शेतकरी आणि विणकर, कोणी बंदूक, कोणी विळा, कोणी नुसतेच दांडके घेऊन गोळा झाले, आणि पाद्र्याला पुढे घालून, स्तोत्रे गात, रातोरात राजधानीच्या वाटेला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी हा जमाव झुरिक शहरात शिरला. सरकारी स्वारांशी त्याची गाठ पडली, गोळ्या सुटल्या, आणि सुमारे पंधरा माणसे रस्त्यावर पडली. गोळीबार थांबविण्याचा हुकूम घेऊन बाहेर आलेला सरकारचाच एक सभासद, धंद्याने वैद्य आणि व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ असलेला योहानेस हेगेटश्वायलर, त्या गर्दीत गोळी लागून घायाळ झाला व तीन दिवसांनी मरण पावला. तोवर सरकारही कोसळलेले होते. धक्का किंवा टक्कर अशा अर्थाचा ‘पुट्श’ हा स्विस बोलीतला गावंढळ शब्द या दिवसापासून प्रौढ जर्मन भाषेत रूढ झाला, आणि पुढे विसाव्या शतकात सगळ्या जगाने तो उचलला.

या राज्यक्रांतीचे निमित्त जमीनमहसूल नव्हते, की धान्याची टंचाई नव्हती. निमित्त होते एक पुस्तक, आणि त्या पुस्तकाचा कर्ता असलेला एक जर्मन पंडित, ज्याने झुरिकच्या विद्यापीठात एकही व्याख्यान दिलेले नव्हते. येशू ख्रिस्ताच्या चरित्रातील बराचसा भाग हा इतिहास नसून पुराणकथा आहे, असे त्या पंडिताने लिहिले होते.

परंतु या हकीकतीत ज्या गोष्टीने मला प्रथम थबकविले ती गोष्ट वेगळीच आहे. घंटा वाजविणारा आणि जमावाच्या अग्रभागी चालणारा तो पाद्री, बर्नहार्ट हिर्त्सेल, हा कोणी अडाणी धर्मवेडा नव्हता. तो संस्कृतज्ञ होता. कालिदासाच्या शाकुंतलाचे मूळ संस्कृतावरून केलेले त्याचे जर्मन भाषांतर १८३३ मध्ये झुरिकातच प्रसिद्ध झाले होते, आणि विक्रमोर्वशीयही त्याने भाषांतरिले होते. स्वर्गातून उतरणारी मेनका, समुद्रातून नव्हे तर माशाच्या पोटातून परत येणारी अंगठी, इंद्राचा सारथी मातली आणि त्याचा आकाशमार्गाने जाणारा रथ, या सर्वांवर ज्याने प्रेमाने वर्षानुवर्षे मेहनत केली, तोच मनुष्य आपल्या घरच्या कथेला कोणी ‘कथा’ म्हटले एवढ्यासाठी बंदुका घेऊन निघालेल्या लोकांचा पुढारी झाला. एकाच माणसाच्या अभ्यासिकेत दोन फळ्या असाव्यात, एकीवर ‘पुराणे’ आणि दुसरीवर ‘धर्म’ असे लिहिलेले असावे, आणि एका फळीवरचा ग्रंथ दुसरीवर ठेवण्याचे धाडस कोणी केल्याबरोबर रक्त सांडावे, हा काय प्रकार आहे? धर्म आणि पुराणकथा यांच्यामधली ही जी हद्द आज विद्यापीठांतील निरनिराळ्या विभागांत, ग्रंथालयांच्या वर्गीकरणांत आणि शाळेच्या क्रमिक पुस्तकांत जणू निसर्गानेच आखलेली असावी अशा थाटात वावरते, ती कोणी, केव्हा आणि कोणाच्या जमिनीवरून आखली, हे त्या दशकाकडे पाहिले म्हणजे पुष्कळसे उमगते.

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. ग्रीक देवदेवतांच्या कथांना युरोपातील पंडित शतकानुशतके लॅटिन भाषेतल्या ‘फाबुला’ या शब्दाने ओळखत आले होते, आणि त्या शब्दाला खोटेपणाचा वास होता. कवींनी रंजनासाठी रचलेल्या लबाड्या, किंवा फार तर एखादे नीतितत्त्व झाकण्यासाठी पांघरलेली शाल, इतकीच त्या कथांची किंमत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गटिंगेनच्या विद्यापीठात क्रिस्टियान गॉटलोब हाइने या ग्रीक-लॅटिनच्या अध्यापकाने तो शब्द बाजूस सारून ‘मिथुस’ हा शब्द मुद्दाम प्रचारात आणला, आणि त्यास नवा अर्थ दिला. हाइनेचे म्हणणे असे की या कथा कोणी एका कवीने लबाडीने रचलेल्या नाहीत. मनुष्यजातीच्या बाल्यावस्थेत, अमूर्त विचारासाठी भाषा अपुरी असताना, सृष्टीचे चमत्कार आणि पूर्वजांच्या आठवणी ज्या एकमेव रीतीने मनुष्याला सांगता येत होत्या, ती रीत म्हणजे मिथुस. म्हणजे मिथुस हा खोटेपणा नव्हे, ती एक बोली आहे. विचार मोठा होता, आणि त्याने ग्रीक देवांवरचा खोटेपणाचा कलंक धुऊन काढला. मात्र ग्रीक देवांची पूजा बंद होऊन तेराचौदाशे वर्षे लोटली होती, त्यामुळे या उदारपणाची झळ कोणालाच लागत नव्हती.

झळ लागली ती पुढच्या पिढीत. हाइनेच्याच परंपरेतल्या आइखहॉर्न आणि गाब्लर या दोघा ईश्वरशास्त्र्यांनी गुरूचे हत्यार ग्रीक अरण्यातून उचलून बायबलच्या पहिल्या पानांवर आणले. एदेन उद्यानातला बोलणारा सर्प आणि निषिद्ध फळ यांची कथा जर ग्रीक ग्रंथात सापडली असती, तर आपण तिला मिथुस म्हटले असते. मग हिब्रू ग्रंथात सापडली म्हणून का म्हणू नये, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. जुन्या करारापुरते हे हळूहळू पचू लागले. नव्या करारापाशी मात्र सर्वजण दबकले. फार झाले तर येशूच्या जन्माची आणि स्वर्गारोहणाची कथा मिथुसच्या पदरात टाकावी, मधले चरित्र अस्पर्श ठेवावे, असा एक अलिखित तहनामा होता. वाड्याच्या पुढच्या आणि मागच्या देवडीवर परक्यास बसू द्यावे, पण माजघरात येऊ देऊ नये, तशातला हा मामला.

माजघरातील चमत्कारांचा बंदोबस्त करण्यासाठी दुसरी एक युक्ती निघाली होती, आणि तिचा आचार्य होता हायडेलबर्गचा पाऊलुस. त्याच्या मते शुभवर्तमानांत सांगितलेली प्रत्येक घटना खरोखरच घडलेली आहे, फक्त पाहणाऱ्यांची चूक झाली. येशू पाण्यावरून चालला म्हणजे काठाकाठाने चालला, धुक्यातून शिष्यांना तसे भासले. मेलेले उठले म्हणजे ते मेलेलेच नव्हते. या पद्धतीची चव मराठी वाचकास कळावी म्हणून कल्पना करावी की हा पाऊलुस आळंदीस आला आहे. ज्ञानदेवांनी भिंत चालविली हे त्यास कोणी सांगितले, तर तो भिंतीचा पाया तपासील, उतार मोजील, पावसाळ्यात माती किती भुसभुशीत होते याची चौकशी करील, आणि अखेरीस जाहीर करील की भिंत खरोखरच घसरली होती आणि चार भावंडे त्या वेळी योगायोगाने तिच्यावर बसलेली होती. चमत्कार वाचला, आणि चांगदेवाच्या गर्वहरणाची ती सबंध कथा मात्र मेली. अशा स्पष्टीकरणात श्रद्धाही राहत नाही आणि रसही राहत नाही, उरतो तो केवळ पंचनामा.

या पार्श्वभूमीवर डाव्हिड फ्रीडरिख स्ट्राउस पुढे आला. १८०८ साली लुडविग्सबुर्ग येथे जन्मलेला हा मुलगा ट्युबिंगेनच्या धर्मपाठशाळेत वाढला, फेर्डिनांड बाऊरसारखा गुरू त्यास लाभला, आणि हेगेलच्या तत्त्वज्ञानाने वेडा होऊन १८३१ च्या शरदात तो प्रत्यक्ष हेगेलपाशी शिकावे म्हणून बर्लिनला गेला. त्याची आणि हेगेलची ओळख होते न होते तोच नोव्हेंबरच्या १४ तारखेस पटकीच्या साथीत हेगेल वारला. ही बातमी स्ट्राउसला समजली ती श्लायरमाखर या दुसऱ्या मोठ्या ईश्वरशास्त्र्याच्या घरी, आणि तो बोलून गेला की मी तर हेगेलसाठीच येथे आलो होतो. यजमानास ते फारसे रुचले नाही, यात नवल नाही. ट्युबिंगेनला परतून पाठशाळेत दुय्यम शिक्षकाची नोकरी करीत असता, एका खिडकीपाशी बसून, सुमारे पंधराशे पानांचे दोन खंड त्याने लिहून काढले. ‘येशूचे चरित्र: चिकित्सक विवेचन’ हा तो ग्रंथ १८३५-३६ मध्ये बाहेर पडला, तेव्हा ग्रंथकाराचे वय सत्तावीस वर्षांचे होते.

ग्रंथाची रचना एखाद्या मुनसफाच्या निकालपत्रासारखी आहे. प्रत्येक प्रसंग घ्यावयाचा, श्रद्धाळूंची बाजू मांडावयाची, मग पाऊलुसपंथीयांची बाजू मांडावयाची, दोघांच्याही विसंगती थंडपणे दाखवावयाच्या, आणि मग निर्णय द्यावयाचा की हा प्रसंग घडलेलाही नाही आणि कोणी फसवणुकीने रचलेलाही नाही. मोशेचे मुख पर्वतावर तेजाळले होते, तेव्हा येणाऱ्या मसीहाचेही पर्वतावर तेजाळले पाहिजे. अरण्यात इस्राएलास आकाशातून अन्न मिळाले, अलीशाने थोड्या भाकरींत शंभर जणांना जेवू घातले, तेव्हा मसीहाने हजारोंना जेवू घातले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या उराशी बाळगलेल्या या अपेक्षांनीच, एका खऱ्या माणसाच्या आठवणीभोवती, कोणा एकाच्या नव्हे तर समग्र समाजाच्या नकळत, कथा विणली. पुढच्यामागच्या देवड्यांचा तो जुना तहनामा स्ट्राउसने फाडून टाकला आणि हाइनेच्या मिथुसला थेट माजघरात नेऊन बसविले.

येथे एक गोष्ट विसरली जाते. स्ट्राउसला धर्म बुडवावयाचा नव्हता. ग्रंथाच्या शेवटच्या भागात त्याने प्रतिपादिले की चरित्रातील तपशील कितीही गळून पडले तरी त्यांतून व्यक्त झालेले तत्त्व, मनुष्य आणि ईश्वर यांचे ऐक्य, अबाधितच आहे. ते एका व्यक्तीत नव्हे तर सबंध मानवजातीत साकार होते, इतकेच. हेगेलच्या शिष्यास यात विलक्षण समाधान वाटत होते. पण खेड्यातल्या विणकराला मानवजातीची प्रार्थना करता येत नाही, आणि त्यास ते समाधान कोणत्या भाषेत समजावून सांगावे हे स्ट्राउसला कधीच सुचले नाही; माझ्या मते त्याच्या पुढल्या सगळ्या दुर्दैवाचे मूळ त्याच्या तर्कात नसून या असमर्थतेत आहे. पहिला खंड निघाल्याबरोबर त्यास पाठशाळेच्या जागेवरून दूर करण्यात आले.

आता याच दशकातली मुंबई पाहावी. युरोपात नुकती घडत असलेली ही परिभाषा आगबोटींच्या आधीच्या त्या शिडाच्या जहाजांतून आपल्याकडेही उतरत होती, पण उतरताना तिचा अर्थ निराळा होत होता. मुंबई लष्करातला एडवर्ड मूर हा पूर्वी १८०० साली चिंचवडच्या देवांच्या दर्शनास जाऊन आला होता; गणपतीचा अंश पिढीजात उतरतो असे मानणाऱ्या त्या घराण्याविषयी त्याने कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये लेख लिहिला, आणि १८१० मध्ये शंभराहून अधिक चित्रांनिशी ‘हिंदू पॅन्थिऑन’ हा ग्रंथ छापला. पॅन्थिऑन म्हणजे रोमकरांचे सर्वदेवमंदिर! म्हणजे ज्या गणपतीस चिंचवड-मोरगावी त्या दिवशीही दूर्वा वाहिल्या जात होत्या, तो ग्रंथाच्या नावातच ज्युपिटर-अपोलोच्या रांगेला जाऊन उभा राहिला. जिवंत देव मृत देवांच्या खात्यावर जमा झाला. मूर मनाने उदार होता, चेष्टेचा हेतू त्याच्या ठायी नव्हता. दोष माणसाचा नव्हता, दप्तराच्या रकान्याचा होता.

त्याच्यापेक्षा विद्वान होता व्हान्स केनेडी. सोळासतराव्या वर्षी तो मुंबईत आला आणि १८४६ मध्ये मरेपर्यंत या देशातच राहिला. १८२४ मध्ये त्याने मराठी कोश छापला, मुंबई लष्कराचा मुख्य न्यायाधिकारी म्हणून कित्येक वर्षे काम केले, आणि १८३१ मध्ये प्राचीन व हिंदू दैवतकथांचे स्वरूप व संबंध तपासणारा एक जाडजूड ग्रंथ लिहिला. पुराणे ही अलीकडची पंथाभिमानी रचना आहे, असे ऑक्सफर्डच्या होरेस हेमन विल्सनने विष्णुपुराणाच्या प्रस्तावनेत १८४० मध्ये म्हटले, तेव्हा केनेडीने मुंबईहून पत्रांमागून पत्रे पाठवून त्याचा प्रतिवाद केला. पुराणांची बाजू घेऊन एक स्कॉटिश लष्करी अधिकारी ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाशी भांडतो आहे हे दृश्य मोठे मौजेचे आहे, आणि आपल्या वाङ्मयेतिहासांत त्याला जितकी जागा मिळावयास हवी तितकी मिळालेली नाही.

पण लोकांच्या नजरेसमोर जो झगडा झाला तो दुसऱ्याच एका स्कॉटिश गृहस्थाचा. पाद्री जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत उतरला, वर्षाच्या आत मराठी बोलू लागला, आणि भर सभेत शास्त्र्यांना वादास बोलावू लागला. १८३१ मध्ये त्याच्याशी मोरभट दांडेकरांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी आपली बाजू ‘हिंदुधर्मस्थापना’ या मराठी पुस्तिकेत मांडली, विल्सनने तिला १८३२ मध्ये इंग्रजीत उत्तर दिले, आणि दोन वर्षांनी साताऱ्याच्या नारायणरावांच्या पुस्तकास दुसरे उत्तर दिले. मोरभट स्वस्थ बसले नाहीत. पुढे १८४४ मध्ये त्यांनी ‘उपदेशचंद्रिका’ हे मासिकच काढले. विल्सनचा मुख्य रोख पुराणांतील देवांच्या आचरणावर होता. ब्रह्मदेवाने काय केले, इंद्राने काय केले, कृष्णाने गोकुळात काय केले, याची जंत्री देऊन तो विचारी की ज्यांचे देव असे, त्यांचा धर्म कसला?

या प्रश्नात एक गृहीत दडलेले होते, आणि ते हाइनेच्या गटिंगेनमध्ये कोणी मान्य केले नसते. पुराणकथा शब्दशः खरी म्हणून घ्यावयाची आणि शब्दशः खरी म्हणूनच तिच्यावर खटला भरावयाचा! मिथुस ही बोली आहे हे तत्त्व अपोलोला लागू, कृष्णाला लागू नाही, आणि स्वतःच्या शुभवर्तमानाला तर ते लावण्याची गरजच नाही, कारण तो इतिहास. विल्सन ज्या दिवसांत मुंबईत ही उलटतपासणी घेत होता, त्याच दिवसांत ट्युबिंगेनच्या त्या खिडकीपाशी त्याच्याच धर्मग्रंथाची उलटतपासणी लिहिली जात होती. कालगणनेचा हा योगायोग मला कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक नाट्यपूर्ण वाटतो.

मोरभटांच्या बाजूस जुन्या शास्त्रांची शिबंदी मोठी होती, एवढे येथे सांगितले पाहिजे. वेदातील वृत्र कोण, या प्रश्नावर यास्काने निरुक्तात दोन पक्ष नोंदविले आहेत: नैरुक्त म्हणतात तो मेघ, ऐतिहासिक म्हणतात तो त्वष्ट्याचा पुत्र असुर. मीमांसकांनी तर वेदवाक्यांचीच वाटणी केली: करावे किंवा करू नये असे सांगणारा विधि हे प्रमाण, आणि कथा, स्तुती, निंदा इत्यादि जो अर्थवाद, त्यास स्वतंत्र प्रामाण्य नाही, विधीकडे मन वळविणे हे त्याचे काम. म्हणजे कथा खरी की खोटी हा प्रश्नच येथे गौण ठरतो. ती कशासाठी सांगितली हा प्रश्न मुख्य होतो. सामान्य मराठी माणसाने हेच शास्त्र आपल्या पद्धतीने आत्मसात केले होते. कीर्तनात वांग्याचा निषेध करून घरी आलेल्या पुराणिकाने, बायकोने वांगी फेकून दिलेली पाहताच, अगे पुराणातली वांगी पुराणात, असे म्हणून कपाळावर हात मारला, ही गोष्ट आपण ढोंगाचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. परंतु पुराणातले वांगे आणि ताटातले वांगे या दोहोंमध्ये हद्द आहे, आणि ती हद्द श्रोत्यांना ठाऊक आहे, हे कबूल केल्याशिवाय त्या गोष्टीला हसूच येणार नाही. आपल्याकडे ती हद्द एकाच घरातल्या दोन खोल्यांमधली होती. विल्सनने आणलेली हद्द दोन मुलखांमधली होती, आणि जकातीचे नाके एकाच बाजूस होते.

आता पुन्हा झुरिककडे वळू. तेथे १८३० च्या चळवळीनंतर सत्तेवर आलेल्या उदारमतवादी सरकारने १८३३ मध्ये विद्यापीठ स्थापन केले होते. राजाच्या किंवा चर्चच्या नव्हे तर लोकनियुक्त राज्याच्या आज्ञेने उभे राहिलेले युरोपातले हे पहिलेच विद्यापीठ, आणि त्याचा त्या मंडळींना मोठा अभिमान. ईश्वरशास्त्राची एक जागा रिकामी होताच १८३९ च्या आरंभी त्यांनी स्ट्राउसला निमंत्रण धाडले. इतर सगळीकडे दारे बंद झालेल्या, आणि आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत १८३८ मध्ये विरोधकांना बऱ्याच सवलती देऊन तडजोडीस तयार झालेल्या स्ट्राउसने ते आनंदाने स्वीकारले. सरकारची चूक शिक्षणाच्या धोरणात आधीच होऊन गेली होती: नव्या शाळा, नवे शिक्षक, नवी पुस्तके ही खेड्यांवर वरून लादलेली, आणि खेड्यातल्या यंत्रमागांच्या भीतीने आधीच गांजलेल्या घरांत चिडीची सामग्री तयार होती. गावोगाव समित्या बनल्या, मागण्यांचा अर्ज तयार झाला, आणि मार्चमध्ये प्रत्येक गावच्या सभेत त्यावर मते घेण्यात आली. अर्जाच्या बाजूने ३९,२२५ आणि विरुद्ध १,०४८! लोकमताच्या नावाने राज्य करणाऱ्यांना याहून स्पष्ट लोकमत काय पाहिजे होते? सरकार नमले. स्ट्राउसला रुजू होण्यापूर्वीच निवृत्त करण्यात आले, आणि करारभंगाची भरपाई म्हणून वर्षाला १,००० फ्रँकचे पेन्शन त्यास आजन्म बांधून देण्यात आले. एक दिवसही चाकरी न करता तहहयात तैनात मिळविणारा प्राध्यापक विद्येच्या इतिहासात दुसरा असेल असे वाटत नाही.

प्रकरण येथेच मिटावयास हरकत नव्हती, पण समित्या मोडल्या नाहीत, सरकारने त्यांच्या म्होरक्यांवर कारवाईची भाषा सुरू केली, बाहेरच्या प्रांतांतून फौज येणार अशी आवई उठली, आणि मग फेफिकोनच्या घंटा वाजल्या. कुळंबी धर्मासाठी लढले असे एका बाजूचे इतिहासकार लिहितात, पोटासाठी लढले असे दुसऱ्या बाजूचे लिहितात. त्यांच्या तोंडी त्या रात्री स्तोत्रे होती आणि हातात विळे होते, यावरून दोघांनीही आपापला बोध घ्यावा.

त्यानंतरची हकीकत थोडक्यात. स्ट्राउससाठी योजलेली जागा १८४१ मध्ये, त्याच्याच खंडनार्थ ग्रंथ लिहिणाऱ्या लांगे नावाच्या पंडितास मिळाली. स्ट्राउसने १८४० च्या चौथ्या आवृत्तीत पूर्वी दिलेल्या सवलती मागे घेतल्या, आणि याच आवृत्तीवरून मेरियन एव्हान्स नावाच्या एका इंग्रज तरुणीने केलेले भाषांतर १८४६ मध्ये लंडनला निघाले. पुढे तीच जॉर्ज एलियट या नावाने कादंबरीकार झाली. शाकुंतलाच्या भाषांतरकाराचा शेवट दुःखद झाला. १८४७ मध्ये पॅरिसमध्ये, अवघ्या चाळिशीत, बर्नहार्ट हिर्त्सेलने आत्महत्या केली.

विद्यापीठांना या दंगलीतून जो धडा घ्यावासा वाटला तो असा की दोन फळ्या वेगळ्याच ठेवणे बरे. माक्स म्युलरने १८५६ मध्ये ‘तौलनिक दैवतकथा’ हा निबंध लिहून वेदांतील उषा आणि ग्रीकांचे देव यांच्या नावांच्या व्युत्पत्ती जुळविल्या, आणि पुराणकथा हा भाषेला जडलेला एक प्रकारचा आजार होय असा सिद्धांत मांडला. १८७० मध्ये लंडनला व्याख्याने देऊन धर्माचे शास्त्र होऊ शकते असेही सांगितले. पुढे पौर्वात्य धर्मग्रंथांच्या भाषांतरांची ५० खंडांची माला त्याने संपादिली. तीत जुना आणि नवा करार घ्यावा अशी त्याची इच्छा होती, परंतु ती सफळ होऊ शकली नाही. वेद, अवेस्ता, कुराण, त्रिपिटक हे शेजारी शेजारी बसले, यजमानाचा ग्रंथ मात्र पंक्तीस आला नाही. त्या मालेच्या आठव्या खंडात, १८८२ मध्ये, भगवद्गीतेचे भाषांतर मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी केले. हेच ते तेलंग, ज्यांनी त्यापूर्वी १८७३ मध्ये, रामायण हे होमरावरून घेतले असावे या जर्मन पंडित वेबरच्या तर्काचा, वकिलास शोभेल अशा संयमाने आणि पुराव्याच्या काटेकोर तोलाने समाचार घेतला होता.

आणि जॉन विल्सन? आयुष्याची सेहेचाळीस वर्षे मुंबईला देऊन, विद्यापीठाचा कुलगुरू होऊन, तो १८७५ मध्ये येथेच वारला. १८४३ च्या फुटीत तो ज्या स्कॉटिश फ्री चर्चमध्ये सामील झाला होता, त्याच चर्चने, त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, अ‍ॅबरडीनच्या आपल्या विद्यालयातील विल्यम रॉबर्टसन स्मिथ या प्राध्यापकास बडतर्फ केले. कारण त्याने ज्ञानकोशातील बायबलवरच्या लेखात ऐतिहासिक चिकित्सेची पद्धत अवलंबिली होती. बडतर्फ स्मिथ केंब्रिजला गेला आणि १८८९ मध्ये सेमिटिक लोकांच्या धर्मावरील व्याख्यानांतून त्याने असे दाखविले की प्राचीन धर्मांत विधी अगोदर आणि कथा मागाहून. विधी आवश्यक, कथा ऐच्छिक. आमच्या मीमांसकांना यात फारसे नवे काही सापडले नसते.

हिर्त्सेलने शाकुंतल छापले त्यास बरोबर शंभर वर्षे झाली, तेव्हा १८३३ पासून १९३३ पर्यंत येऊन पोहोचलेल्या या प्रवासात पुण्यास भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील आदिपर्व पुरे केले. शकुंतलेचे मूळ आख्यान याच पर्वात आहे. संपादक विष्णु सीताराम सुकथनकर हे, ज्या बर्लिनला स्ट्राउस हेगेलसाठी गेला होता त्याच बर्लिनला, ल्यूडर्सपाशी शिकून आलेले. हस्तलिखितांच्या पाठांची अक्षरनिशी छाननी करण्यात त्यांच्याइतका निष्ठुर चिकित्सक आपल्याकडे झाला नाही. आणि तरीही महाभारतातून अस्सल वीरकथा तेवढी निवडून काढावी आणि बाकी धर्मोपदेश ब्राह्मणी भेसळ म्हणून टाकून द्यावा, ही जी युरोपीय पंडितांची रीत होती, ती त्यांनी मान्य केली नाही. १९४२ मध्ये मुंबईत त्यांनी महाभारताच्या अर्थावर चार व्याख्यानांचा क्रम योजला: प्रथम टीकाकारांची झाडाझडती, मग कथेची लौकिक पातळी, मग नैतिक पातळी, आणि शेवटी आध्यात्मिक पातळी. एकाच कथेत तिन्ही पातळ्या एकावर एक उभ्या आहेत, आणि त्या फोडून वेगळ्या फळ्यांवर ठेवल्या की हाती काहीच उरत नाही, असा त्यांचा रोख होता. तीन व्याख्याने झाली. चौथे, म्हणजे अध्यात्माचे, व्हावयाचे राहिले असता १९४३ च्या जानेवारीच्या २१ तारखेस सुकथनकर वारले. कागदावर लिहून ठेवलेले ते चौथे व्याख्यान इतर तिन्हींसह १९५७ मध्ये छापून निघाले. छापले ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने, जिच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर एके काळी व्हान्स केनेडी, आणि त्याच्यामागून पाद्री जॉन विल्सन, बसून गेले होते.